‘दुर्ग’चा रफार आणि टी-शर्टची छपाई

गडकिल्ल्यांवर श्रमदान करणाऱ्या आमच्या पुण्यातील गटासाठी टी-शर्ट छापून घेण्याचे काम गेली आठ वर्षे माझ्याकडे आहे. टाक्यांतला गाळ उपसताना हे टी-शर्ट घामाने भिजतात, सॅकच्या पट्ट्यांखाली दिवसभर घासले जातात आणि घरी आल्यावर चिखल निघावा म्हणून बहुतेक जण त्यांना ब्रशने घासतात. छपाईची यापेक्षा कठोर परीक्षा दुकानात कोणी घेत नसावे. गेल्या हंगामात मी राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढ्याचे (कातळाला पडलेल्या आरपार भोकाचे) रेखाचित्र आणि त्याखाली गटाच्या नावातील ‘दुर्ग’ हा शब्द, असा एकच मजकूर पाच वेगवेगळ्या पद्धतींनी छापून घेतला आणि प्रत्येक टी-शर्टला सुमारे पंचवीस धुण्यांतून काढले. पुढील मत त्या वापरावर आधारलेले आहे.

स्क्रीन प्रिंटिंग ही यातील सर्वांत जुनी पद्धत आणि माझा कल तिच्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौकटीवर ताणलेल्या पॉलिस्टरच्या जाळीवर प्रकाशाला संवेदनशील असे इमल्शन चढवतात, ते अंधारात वाळवून त्यावर चित्राची पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवर काळ्यात काढलेले चित्र) ठेवून उजेड देतात आणि जिथे उजेड पोचला नाही तो भाग पाण्याने धुऊन काढतात. मग त्या मोकळ्या झालेल्या जागेतून स्क्वीजीने (रबरी पट्टीने) शाई खाली कापडावर ओढली जाते. प्रत्येक रंगाला स्वतंत्र फ्रेम लागते. मला मिळालेल्या दरपत्रकात फ्रेमचे 400 रुपये आणि छपाईचे प्रति रंग प्रति नग 15 रुपये होते, तर तेवढ्याच आकाराच्या डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर उतरवण्याच्या) छपाईला नगामागे 60 रुपये. या हिशेबाने एकरंगी चित्र नऊ-दहा नगांनंतर आणि दुरंगी चित्र सत्तावीस नगांनंतर स्क्रीनवर स्वस्त पडते. पाच टी-शर्ट हवे असणाऱ्याला मात्र कोणताही जुना छापखानदार दारातच परत पाठवतो आणि त्यात त्याची काही चूक नाही.

स्क्रीनची छपाई म्हटल्यावर कोणती शाई, हा प्रश्न लगेच विचारला पाहिजे. ग्राहक तो विचारत नाहीत आणि दुकानदार आपणहून सांगत नाहीत. प्लास्टिसोल ही पीव्हीसीची शाई आहे. ती गडद कापडावरही झळझळीत दिसते. पण ती नुसत्या हवेवर वाळत नाही, शाईचा थर सुमारे 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावाच लागतो. वरवर वाळल्यासारखी दिसणारी, आतून कच्ची राहिलेली छपाई तिसऱ्या-चौथ्या धुण्याला भेगाळते. नमुना हातात आला की छापलेला भाग दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावा. भाजणी नीट झालेली छपाई कापडाबरोबर ताणली जाते आणि पूर्ववत होते, कच्ची तडकते. पाण्यावर आधारित पिगमेंट शाई धाग्यांत मुरते आणि दोन-तीन धुण्यांनंतर हाताला जाणवतही नाही. तिची अडचण एवढीच, की गडद कापडावर ती दिसत नाही. त्यासाठी खाली पांढऱ्या खादीचा (म्हणजे अपारदर्शक पांढऱ्या शाईचा) थर द्यावा लागतो आणि तो दिला की मऊपणा गेला. माझ्या नमुन्यात फिकट बदामी सुती कापडावर काळ्या पिगमेंटने छापलेले नेढे पंचविसाव्या धुण्यानंतर किंचित करडे झाले आहे, परंतु एकही रेघ तुटलेली नाही.

डीटीएफने सध्या बाजार व्यापला आहे. त्यात चित्र आधी प्लास्टिकच्या फिल्मवर छापतात, रंगांवर पांढऱ्या शाईचा थर देतात, ओल्या शाईवर चिकट पावडर भुरभुरून ती वितळवतात आणि मग हीट प्रेसखाली ते सगळे कापडावर उतरवतात. सुती, पॉलिस्टर, फिकट, गडद, कशावरही हे चालते. रंगांची संख्या मोजावी लागत नाही. एक नगही मिळतो आणि बहुधा त्याच दिवशी मिळतो. ही सोय खरोखर मोठी आहे. आक्षेप आहे तो अंगावर घातल्यानंतरचा. छातीवर हाताच्या पंजाएवढे चित्र असेल तर फारसे काही वाटत नाही, पण पाठभर चित्र छापले की घाम त्या फिल्मच्या आतल्या बाजूला साचतो आणि चढणीवर पाठीला मेणकापड बांधल्यासारखे होते. दुसरी बाब बारीक रेघांची. नेढ्याभोवतीच्या कातळाच्या रेघा मी मुद्दाम केसासारख्या ठेवल्या होत्या. रुंद भागाला भरपूर पावडर धरते, तेवढी या रेघांना धरत नाही, आणि अकराव्या की बाराव्या धुण्याला त्यांची टोके सुटू लागली. अक्षरे मात्र शाबूत राहिली. दुकानात चौकशीला गेलो की कापड, नग, वापर यांपैकी काहीही न विचारता ‘डीटीएफ मारून देतो’ असे उत्तर मिळते. ही घाई मला पटत नाही.

डीटीजी, म्हणजे कापडावर थेट इंकजेटने छापणे, हे छायाचित्रासाठी उत्तम आहे. सुती कापडावर ते खुलते आणि रंगछटांची संक्रमणे डीटीएफपेक्षा सौम्य दिसतात. गडद कापडाला आधी एक द्रावण फवारून दाबावे लागते, त्याचा चौकोनी डाग नव्या टी-शर्टवर दिसतो. पहिल्या धुण्यात तो जातो, तेव्हा घाबरून दुकानात भांडायला जाऊ नये, जसा मी गेलो होतो. ब्रशचे धुणे मात्र या छपाईला मानवले नाही. नगाला 220 रुपये देऊन छापलेले चित्र हंगामाच्या शेवटी धुक्यातल्यासारखे फिकट झाले. वाढदिवसाच्या एका टी-शर्टसाठी ठीक, आमच्या कामासाठी नाही.

सब्लिमेशनबद्दल थोडक्यात एवढेच, की टिकाऊपणात तिला तोड नाही आणि वापरण्याच्या अटीही तितक्याच कडक आहेत. कागदावर छापलेला रंग 190 ते 200 अंशांच्या उष्णतेत वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या तंतूत शिरतो, त्यामुळे वर थर असा नसतोच. सोलण्या-भेगाळण्यासारखे काही उरत नाही. पण कापड पॉलिस्टरचे आणि पांढरे किंवा फिकट हवे, कारण या शाईत पांढरा रंग नसतो. क्रिकेटच्या आणि धावण्याच्या जर्सी याच पद्धतीने छापतात, ते योग्यच आहे. आमच्या लोकांनी ते टी-शर्ट दोनदा घातले आणि तिसऱ्यांदा घाला म्हटल्यावर कपाळाला आठ्या घातल्या. घामाचा वास पॉलिस्टर सोडत नाही. उष्णतेने रंग वायुरूप होण्याच्या गुणधर्माचा एक उलटा फटकाही मी पाहिला आहे. मरून पॉलिस्टरवर डीटीएफने छापलेली पांढरी अक्षरे आठवडाभरात गुलाबी झाली, कारण प्रेसच्या उष्णतेने कापडातला रंगच वर चढून पांढऱ्यात मिसळला होता.

पाचवी पद्धत व्हिनाइलची, म्हणजे रंगीत प्लास्टिकच्या पातळ शीटची. कटरवर अक्षरे कापायची, नको तो भाग चिमट्याने उचकून काढायचा आणि उरलेले प्रेसने चिकटवायचे. पाठीवरच्या नावांना आणि आकड्यांना ती बरी. नेढ्याचे चित्र तिच्यात जमले नाही, केवळ बाह्यरेषा उरली. देवनागरीसाठी मात्र एक सूचना करावीशी वाटते. शिरोरेषेने जोडलेली अक्षरे फाइलमध्ये एकसंध करून घेतली नाहीत, तर कटर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि ‘दुर्ग’ची शिरोरेषा सांध्यावर चिरलेली येते. शिवाय अनुस्वाराचा टिंब नको असलेल्या भागाबरोबर हमखास निघून जातो; दुसऱ्या एका नमुन्यातील ‘संवर्धन’ दोन वेळा ‘सवर्धन’ होता होता वाचले.

छपाईची पद्धत कितीही चांगली असली तरी फाइल चुकली की सगळे वाया जाते, याचा धडा आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतला. एका दुकानाला मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या रेखाकृतीत) न बदलता पाठवला गेला, त्यांच्या संगणकावर तो फाँट नव्हता आणि त्यांनी जवळचा दुसरा लावला. साठ टी-शर्टांवर ‘दुर्ग’चा ‘दुग’ झाला. स्क्रीन प्रिंट अप्रतिम होता, रंग आजही तसाच आहे, आणि म्हणूनच तो ‘दुग’ आजही ठळक वाचता येतो. दुकानाने नमुना दाखवला नव्हता हे खरे, पण आम्हीही मागितला नव्हता.

यंदा आम्ही क्रम उलटा केला. आधी पाण्याच्या शाईला मानवेल असे फिकट बदामी, 180 जीएसएमचे (चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचे), बायोवॉश केलेले (एन्झाइमने धुऊन लव काढलेले) सुती कापड ठरवले आणि मग त्याला साजेशी एकरंगी पिगमेंटची स्क्रीन छपाई घेतली. कातळाच्या रेघा थोड्या जाड केल्या. 110 नगांची मागणी दिली, छापखान्यात उभे राहून पहिला नग ताणून आणि अक्षर अक्षर वाचून पाहिला, आणि नंतर उशिरा नावे दिलेल्या सात जणांसाठी छातीवरचे लहान चित्र डीटीएफने करून घेतले. फ्रेम धुऊन टाकू नये, जपून ठेवावी, असे छापखान्यात सांगून ठेवले आहे. पुढच्या वर्षी चित्र तेच राहिले तर तेवढे 400 रुपये वाचतील.