दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को किती तास? एका अंतर-गणकाचे परीक्षण

आईला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला एकटीने पाठवायचे ठरले, तेव्हा तिच्या गोळ्यांच्या वेळा बसवण्यासाठी मला प्रवासाचे तास हवे होते. त्यासाठी दोन विमानतळांची नावे टाकताच अंतर आणि उड्डाणाचा कालावधी सांगणारे एक मोफत संकेतस्थळ मी आठवडाभर वापरून पाहिले.

अंतराच्या बाबतीत त्याला नावे ठेवायला जागा नाही. अक्षांश-रेखांशांवरून ते पृथ्वीगोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग काढते आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे 12,400 किलोमीटर असल्याचे सांगते. सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावरून जाणारी ती वाकडी रेषा सपाट नकाशावर खोटी वाटते, पण घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला आणि ती पटली.

वेळेचे गणित मात्र फारच भाबडे आहे. विमानाचा वेग ताशी सुमारे 800 किलोमीटर धरायचा, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा आणि जवळजवळ 16 तास असे उत्तर द्यायचे, तेही जाताना आणि येताना एकच! या अक्षांशांवर उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे लंडनहून मुंबईला येणारे विमान परतीच्या विमानापेक्षा एरवी लवकर पोहोचते, हे नेहमी ये-जा करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

याच मार्गाचे एक उदाहरण तर या गणकाला पुरते निरुत्तर करणारे आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे 13,900 वरून 15,300 किलोमीटरवर गेले, तरी वारा पाठीशी असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोहोचले, म्हणजे आधीच्या मार्गापेक्षा जवळपास दोन तास लवकर. भागाकारावर चालणाऱ्या यंत्राला हे कसे उमगावे?

बंद असलेल्या हवाई हद्दीही त्याच्या हिशेबात नाहीत. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडला, पण इथली रेषा जागची हललेली नाही. गोवा असे टाइप केले, तर अजून फक्त दाबोळीच दिसते. जानेवारी 2023 पासून चालू असलेल्या मोपाचा पत्ता नाही.

स्थानिक वेळेचा तक्ता मात्र मनापासून आवडला, कारण उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक तो तारखेनुसार आपोआप धरतो. आईच्या गोळ्यांच्या डबीवर मी शेवटी विमान कंपनीच्या वेळापत्रकातलेच तास लिहिले, आणि शेजारी तिकडची वेळ या तक्त्यावरून उतरवली.