आर्मी, नेव्ही की एअरफोर्स? आधी चार वर्षांचा हिशेब मांडा

मे महिन्यात भाचा आला, बारावीचा निकाल घेऊन. सायन्स, बासष्ट टक्के. मोबाइलवर तिन्ही दलांच्या भरतीची पानं उघडून त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "मामा, कशात भरू?"

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर दलातला. १९९३ ला खडकीच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेलो आणि २०१७ ला हवालदार होऊन घरी आलो. मामा एका शब्दात 'आर्मी' म्हणणार, अशी त्याची खात्री होती. मी तसं म्हटलं नाही, कारण माझी चोवीस वर्षं त्याच्या फारशा कामाची नाहीत. आमच्या वेळी पंधरा वर्षं काढली की पेन्शन पक्की. पहिली चार वर्षं कुठल्या डोंगरावर गेली, हातात फावडं होतं की रायफल, यानं पुढच्या आयुष्याला फारसा धक्का लागत नसे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि ते सगळं पालटलं. आता भरती 'अग्निवीर' म्हणून, चार वर्षांची, ट्रेनिंग धरून. त्यातून जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरं कायम होणार आणि बाकीची बाविशी-तेविशीत परत गावात येणार. म्हणून आमच्या पिढीतला कुणी फौजी मिशीवर हात फिरवत "बिनधास्त पलटणीत जा, जन्माची भाकरी मिळते" म्हणाला, तर त्याच्या पाया पडा, पण तो सल्ला जुन्या नियमांचा आहे हे लक्षात ठेवा.

पगारावरून दल निवडायला जागाच नाही, तिन्हीकडे तो सारखा आहे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले तीस टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे हातात सुरुवातीला २१,००० आणि शेवटी २८,०००. सरकारही तेवढीच भर घालतं आणि बाहेर पडताना व्याजासकट सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. ४८ लाखांचा विमा आहे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि घरी आल्यावर कँटीनचं कार्डही नाही. चार वर्षं लग्नही करता येत नाही. यावर आक्का म्हणाली, "ते बरंच आहे."

कुठलं दार कुणासाठी

आर्मीच्या जनरल ड्युटीला दहावी पास आणि एकूण ४५ टक्के पुरतात, पण महाराष्ट्रातल्या पोराला उंची १६८ सेंटीमीटर लागते. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळालास तर पूर्ण गुण. आधी संगणकावरची लेखी परीक्षा होते आणि मग मैदान. २०२५ पासून ही लेखी परीक्षा मराठीतूनही देता येते. खेड्यातल्या पोरासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि अजून निम्म्या पोरांना ती ठाऊक नाही. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट असेल तर जादा गुण मिळतात.

नेव्हीच्या एसएसआरला, म्हणजे बारावीवरच्या भरतीला, बारावीत गणित-भौतिकशास्त्र लागतं. उंची १५७ चालते आणि तेवढंच अंतर साडेसहा मिनिटांत काढलं तरी भागतं. एअरफोर्सला उंची साधारण १५२ आणि पळायला सात मिनिटं. पण तिथली चाळणी पायांची नसून डोक्याची असते. बारावीत पन्नास टक्के, इंग्रजीत वेगळे पन्नास टक्के, आणि लेखी परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात. हे आकडे भरतीगणिक थोडे हलतात, त्यामुळे चालू जाहिरात स्वतः वाचा, अकॅडमीच्या फलकावरून ठरवू नका.

आमच्याकडच्या भरती अकॅडम्या पोरांना पहाटे पाचला रस्त्यावर पळवतात आणि पळणाऱ्या पोराला आर्मीशिवाय दुसरं काही सांगत नाहीत. पळवणं सोपं असतं. भौतिकशास्त्र शिकवायला मास्तर लागतो.

रोज काय करावं लागेल

वर्दीचा रंग परेडला दिसतो. उरलेला दिवस कामात जातो, आणि ते काम तिन्हीकडे अगदी निराळं.

आर्मीत जनरल ड्युटी म्हणजे बहुतेक वेळा पायदळ, तोफखाना किंवा रणगाडे. "मला मराठा लाइट इन्फंट्रीच पाहिजे" असं पोरं म्हणतात. बेळगावच्या सेंटरचं नाव घेतलं की माझ्याही अंगावर काटा येतो, पण आवडती पलटण मागायला फॉर्मवर रकाना नसतो. कुठलं सेंटर ते वरून ठरतं. सहा-सात महिने रगडा, मग कसम परेड, मग युनिट. तिथं चालणं, ओझं, पहारा, फायरिंग, खणणं आणि पुन्हा पहारा. आणखी एक फसगत सांगतो. फॉर्मवर 'ट्रेड्समन' असं लिहिलेलं असतं. आयटीआय केलेली पोरं ते वाचून खूश होतात आणि तेच भरतात. तिथं ट्रेड म्हणजे स्वयंपाकी, धोबी, न्हावी वगैरे. कामं इज्जतीची आहेत, लंगर, म्हणजे स्वयंपाकघर, थांबला तर पलटण थांबते, पण वेल्डरला ते नको असेल. आयटीआयवाल्यानं 'टेक्निकल' बघावं, तिथं त्याच्या सर्टिफिकेटला जादा गुण आहेत.

नेव्हीचं मला साडूमुळे कळलं. तो इंजिनरूमचा माणूस. ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठी आयएनएस चिल्काला साधारण चार महिने, मग ज्याची जशी शाखा तसं पुढचं शिक्षण. इंजिनवाले लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीला, विजेचं काम करणारे जामनगरच्या आयएनएस वालसुराला. त्यानंतर जहाज. जहाज म्हणजे लोखंडी चाळ, असं तो म्हणायचा. एकावर एक बंक, गोडं पाणी मोजून, चार-चार तासांचा वॉच म्हणजे पाळी, आणि मधल्या वेळात घासणं, रंगवणं, पुसणं. खारी हवा लोखंड खाते, म्हणून नेव्हीत रंगकाम संपत नाही. ज्याला एसटी लागते त्याला बोटही लागते. बहुतेकांची ती काही दिवसांत सुटते, काहींची सुटत नाही, आणि ओकत-ओकतही वॉच करावाच लागतो. दहावीवर मॅट्रिक रिक्रूट म्हणून गेलात तर काम शेफ, स्टुअर्ड किंवा हायजिनिस्टचं, म्हणजे साफसफाईचं. ते कळूनच फॉर्म भरा.

एअरफोर्सबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढतो. एअरमन विमान उडवत नाही. उडवतो तो अधिकारी, आणि त्याचा रस्ता एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) किंवा पदवीनंतरच्या परीक्षांचा. बारावीला सायन्स आणि गुण बरे असतील तर एनडीएची परीक्षा एकदा तरी दिल्याशिवाय शिपाईगिरीचा फॉर्म भरू नये, हे माझं तिन्ही दलांसाठी मत आहे. एअरमन विमान उडण्याजोगं ठेवतो, किंवा रडार, संपर्क, भांडार, गाड्या, कार्यालय सांभाळतो. माझा चुलतभाऊ बेळगावला सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमधून निघाला आणि नंतर बराच काळ लोहगावला होता. मराठा सेंटर आणि हे स्कूल एकाच गावात आहेत, पण दोन्हीकडची पोरं बाजारात शेजारी उभी केलीत तर चालण्यावरूनच ओळखू येतील. भाऊ सांगायचा, काम संपल्यावर पेटीतला एकेक पाना मोजायचा. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. ज्याला अशा बारकाव्याची चीड येते त्यानं तिकडे जाऊ नये. आमच्याकडे हरवलेल्या फावड्यासाठी शिव्या बसत, तिथं पान्यासाठी अख्खी लाइन थांबते.

घर, फोन आणि माणसं

आर्मीत पलटण एकत्र हलते. दोन-तीन वर्षं फील्ड, म्हणजे सीमेकडे, मग पीस, म्हणजे शांत छावणीत. ज्याच्याशी पहिल्या वर्षी भांडलात त्याच्याच ताटात तिसऱ्या वर्षी जेवता. निवृत्तीनंतर आज मला कुणाचे फोन येत असतील तर माझ्या कंपनीतल्या पोरांचे. नेव्ही-एअरफोर्समध्ये बदली एकेकट्या माणसाची होते. ओळखी खूप, पण 'आपली पलटण' ही भावना तिथं आमच्याइतकी घट्ट नाही, असं माझं मत. साडूला हे मान्य नाही.

समुद्रावर गेलात की कित्येक दिवस घरी फोन नाही. पण किनाऱ्यावरची पोस्टिंग बहुधा मोठ्या शहरात असते. मुंबई, विशाखापट्टणम, कोची, नाहीतर कारवार आणि गोवा. एअरफोर्सचं स्टेशन बहुतेक वस्तीजवळ असतं, शिफ्ट ठरलेली, संध्याकाळ बऱ्यापैकी आपली. घरापासून अंतर तिन्हीकडे सारखंच. फक्त आर्मीत ते उंचीवरही मोजावं लागतं.

जिवाची गोष्ट

आया हेच विचारतात आणि पोरं हेच टाळतात. आर्मीत धोका रोजचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. २००१-०२ ला ऑपरेशन पराक्रममध्ये आम्ही सीमेवर सुरुंग पेरले आणि मग तेच एकेक करून वेचले. वेचताना पेरण्यापेक्षा जास्त भीती वाटते, कारण वाळू सरकलेली असते. सियाचीनमध्ये गोळीपेक्षा थंडी आणि विरळ हवा माणसं नेते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर तिथंच गेला. तिथल्या जवानाला महिना ३०,००० जादा भत्ता आहे. तो कशासाठी आहे हे तिथं पोचल्यावर पहिल्या रात्रीच कळतं.

पण बाकी दोन दलं म्हणजे सुखरूप नोकरी, असंही समजू नका. १४ ऑगस्ट २०१३ ला सिंधुरक्षक पाणबुडी मुंबईच्या गोदीत, धक्क्याला बांधलेली असताना स्फोटानं बुडाली आणि अठरा जण गेले. मे २०२५ मध्ये उधमपूरच्या हवाई तळावर ड्युटीवर असलेला एक सार्जंट शहीद झाला. नेव्हीत धोका क्वचित येतो, पण येतो तेव्हा सगळ्या जहाजावर येतो. एअरफोर्सला तो कमी, पण लढाईच्या पहिल्या रात्री शत्रू आधी धावपट्ट्याच शोधतो.

तेविसाव्या वर्षी हातात काय?

माझा सगळा जोर इथं आहे. पंचवीस टक्क्यांत आपण येणारच, असं धरून कुणी फॉर्म भरू नये. चारातली तीन पोरं परत येणार आहेत, तेव्हा स्वतःला त्या तिघांत धरूनच विचार करा.

पायदळातून परत येणाऱ्याच्या हातात कणखरपणा असतो, शिस्त असते आणि रायफल चालवण्याचं कसब असतं. पोलीस आणि केंद्रीय सशस्त्र दलांसाठी ते उत्तम, आणि केंद्रीय दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा जाहीर झालेल्या आहेत. ज्याला पुढेही वर्दीच घालायची आहे त्यानं जनरल ड्युटीला खुशाल जावं. पण ज्याला नंतर साधी नोकरी किंवा धंदा करायचा आहे, त्याची ही चार वर्षं बाहेरच्या बाजारात 'सिक्युरिटी गार्ड' या दोन शब्दांत मोजली जातात. कटू आहे, पण माझ्या गावात मी हे रोज बघतो. माझं स्वतःचं बरं चाललं ते डोझर चालवायला शिकलो म्हणून. मेडल भिंतीवर आहे, घर मात्र जेसीबीवर चालतं.

नेव्हीत इंजिन किंवा विजेचं काम मिळालं तर हातात खरंच कसब येतं. नौदलातून बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना मर्चंट नेव्हीत जाता यावं म्हणून जहाजवाहतूक मंत्रालयानं जून २०२२ मध्येच योजना जाहीर केली. बाजारातल्या किमतीचं बोलायचं तर मी नेव्हीला पहिला नंबर देतो.

एअरफोर्समध्ये शिस्तशीर तांत्रिक सवय लागते, पण नुसत्या त्या अनुभवावर विमान कंपनीत दुरुस्तीवर सही करता येत नाही. त्याला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स वेगळं काढावं लागतं. तिथला खरा फायदा संध्याकाळचा. अग्निवीरांच्या प्रशिक्षणाचे गुण धरून इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी घेता येते, ती सोय तिन्ही दलांना आहे. पण बंकरमध्ये टॉर्च धरून पुस्तक वाचणं निराळं आणि बॅरकमध्ये टेबलापाशी बसणं निराळं.

धाकटी भाची हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही सांगितलं. मुलींना आर्मीत अग्निवीर म्हणून फक्त मिलिटरी पोलिसांत जागा आहे. नेव्ही आणि एअरफोर्सची दारं त्याहून मोठी. मार्च २०२३ मध्ये चिल्काहून अग्निवीरांची पहिली तुकडी निघाली, २,५८५ जणांची, त्यात २७३ मुली होत्या.

एवढं बोलून झाल्यावर आक्कानं शिवणाचा टेप आणला. भाच्याला चौकटीला टेकवून उभा केला. १६६. तीन महिने अकॅडमीची फी भरून तो आर्मीसाठी पळत होता, आणि कुणी त्याची उंचीच मोजली नव्हती. जनरल ड्युटीला दोन सेंटीमीटर कमी, टेक्निकलला एक. माजी सैनिकाच्या मुलाला दोन सेंटीमीटरची सूट असते, भाच्याला नसते.

मग त्याला आधी कऱ्हाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवला, रंग ओळखता येतात का ते बघायला. गुडघे एकमेकांना लागत नाहीत आणि तळवे सपाट नाहीत, हे मीच ओल्या पायानं फरशीवर चालवून बघितलं. मेडिकलला बाद होणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जणांना ते घरीच कळलं असतं. आता त्याच्याकडे नेव्ही आणि एअरफोर्सचे दोन फॉर्म आहेत. माझा कल नेव्हीकडे, पण चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात त्याला एसटी लागते. दसऱ्याला मालवणला नेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसवून बघणार आहे. फॉर्म मात्र दोन्ही भरायला सांगितलेत.