"हलका आहे, आरामात ओढेल" म्हणून विकलेला ट्रेलर, घेण्याआधी वाचा

वापरलेला छोटा कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायची, आत राहता येईल अशी खोली) घ्यायचा विचार असेल आणि ओढणारी गाडी माझ्यासारखी मिडसाइझ फोर बाय फोर असेल तर पैसे द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. मला ज्याने ट्रेलर विकला त्याने वजन खोटं सांगितलं, वर्ष खोटं सांगितलं, आणि ब्रेकच्या बाबतीत जे केलं ते तर माफ करण्यासारखं नाहीच, कारण त्या गाडीत माझी मुलं बसतात.

माझ्या गाडीची टो कपॅसिटी, म्हणजे मागे जोडून जास्तीत जास्त ओढता येणारं वजन, ३५०० पौंड, म्हणजे १५८७ किलो. या साइझच्या ऑफ-रोड गाड्यांत हा आकडा नेहमीचा आहे, चार दारांच्या जीप रँग्लरला बरीच वर्षं हाच होता, आणि दोन दारांच्या रँग्लरला तर फक्त २००० पौंड, ९०७ किलो. त्यामुळे "वजन ११०० किलो, ब्रेकसकट, २०१९ मॉडेल" अशी जाहिरात दिसली म्हणून मी फोन केला. माणूस बोलायला एकदम गोड. "मॅडम, तुमची गाडी डोळे झाकून ओढेल, मागे काही जोडलंय हे कळणारसुद्धा नाही." ट्रेलरवरच्या माहितीच्या प्लेटचा (वजन आणि चेसिस नंबर असतो तिचा) फोटो मागितला तो लगेच पाठवला, आकडे जाहिरातीशी जुळत होते. वजनकाट्यावर नेऊया म्हटलं तर म्हणे कशाला त्रास घेता, मीच घरपोच आणून देतो, आणि स्वतःच्या मोठ्या पिकअपला जोडून खरंच आणून सोडला. ही घरपोच सेवा फसवणुकीचाच भाग होती. पैसे त्याच्या हातात पडेपर्यंत ट्रेलर माझ्या गाडीला लागूच नये, एवढाच त्यामागचा हेतू.

हायवेला काढला आणि ताशी ८० च्या वर गेल्यावर ट्रेलर मागून डोलायला लागला. उतारावर तर गाडीचं मागचं टोक डावीकडे उजवीकडे ओढलं जायला लागलं. नवरा चालवत होता, त्याने गाडीचा ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ब्रेक कंट्रोलरवरून (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं गाडीतलं बटण) हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, अशा वेळी हेच करायचं असतं. पण ट्रेलर सरळ व्हायच्या ऐवजी एका बाजूला खेचायला लागला. कसाबसा वेग उतरला आणि आम्ही कडेला थांबलो, मुलं रडत होती.

नंतर काट्यावर नेला. पाण्याची टाकी रिकामी, आत सामान काही नाही, तरी १४६० किलो! तिथे एका माहितगार मेकॅनिकने पुढच्या फ्रेमवरचा जाड रंग खरवडला तेव्हा खाली ठोकलेला चेसिस नंबर दिसला आणि तो प्लेटवरच्या नंबराशी जुळेना. प्लेट दुसऱ्याच कुठल्यातरी हलक्या ट्रेलरची होती, नव्या रिव्हेट मारून बसवलेली. अमेरिका-कॅनडाच्या पद्धतीच्या १७ अक्षरी नंबरात दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं, प्लेटवर 'के' होतं म्हणजे २०१९, फ्रेमवर 'ई' म्हणजे २०१४. सांगितल्यापेक्षा पाच वर्षं जुना आणि साडेतीनशे किलोच्या वर जड ट्रेलर माझ्या गळ्यात मारला होता. वरून आतली जमीन पायाखाली दबत होती, कारण छत गळून प्लायवुड कुजलेलं आणि त्यावर नवं कोरं व्हिनाइल चिकटवलेलं. भिंतीला फुगवटा असेल, सगळ्या सांध्यांवर एकाच वेळी ताजं सीलंट फासलेलं असेल, किंवा बंद ट्रेलर उघडल्यावर कुबट वास आला तर पाणी आत शिरलंय असं धरूनच चाला.

आता १४६० म्हणजे अजून १५८७ च्या आतच की, असं काही जण म्हणाले, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो, ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो. गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं, खुर्च्या धरल्या की १६५० सहज होतात. शिवाय ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) बॉलवर यावा लागतो, त्याहून कमी आला की ट्रेलर डोलतो. १६५० चे १० टक्के धरले तरी १६५ किलो झाले आणि ते गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर पेलू शकते त्या वजनातून, वजा होतात. त्याच पेलोडमध्ये माणसं, सामान, स्टीलचा बंपर, विंच, रूफ रॅक सगळंच येतं. म्हणजे ऑफ-रोडसाठी सजवलेल्या गाडीची टो कपॅसिटी कागदावर शिल्लक असते पण पेलोड कधीच संपलेला असतो. गाडी उंच करणारं लिफ्ट किट असेल तर हिच उंच जातो, ट्रेलरचं नाक वर उचललं जातं आणि बॉलवरचा भार आणखी कमी होतो, खाली उतरणारा ड्रॉप हिच लावून ट्रेलर लेव्हल करावाच लागतो. माझ्या ट्रेलरला विकणाऱ्याने मागच्या बंपरवर टूलबॉक्स आणि स्टेपनी वेल्ड केली होती, म्हणजे ते सगळं वजन एक्सलच्या मागे आणि बॉलवरचा भार कमी, म्हणूनच तो डोलत होता.

ब्रेकचं सांगते. इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक मॅग्नेट असतो, करंट मिळाला की त्यानेच ब्रेक लागतो. माझ्या ट्रेलरच्या एकाच चाकात तो होता, दुसऱ्या बाजूची वायर कापून टेप गुंडाळून आत खोचलेली, ड्रम उघडला तर आत मॅग्नेटच नाही. एक मॅग्नेट असला तरी कंट्रोलरवर ट्रेलर जोडलेला दिसतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. त्या दिवशी ट्रेलर एका बाजूला का खेचला ते तेव्हा समजलं. १० इंची ड्रमचा एक मॅग्नेट पूर्ण ब्रेकला साधारण ३ अँपिअर घेतो, सिंगल एक्सलला दोन चाकांचे ६ यायला हवेत. क्लॅम्प मीटर असलेला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन हे पाच मिनिटांत बघून देतो. किंवा चाकं जॅकवर उचला, फिरवा, कंट्रोलर दाबा आणि दोन्ही थांबतात का बघा.

टायरची नक्षी नव्यासारखी होती पण टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे (बनवल्याचा आठवडा आणि वर्ष) २३१४, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. ट्रेलर उभाच असतो त्यामुळे नक्षी झिजत नाही, रबर मात्र वयाने मरतं.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी म्हणाला तुमच्या गाडीतच दम नाही, मग म्हणाला जुन्या वस्तूला गॅरंटी नसते, मग फोन उचलणंच बंद. जुन्या वस्तूला गॅरंटी नसते हे मान्य, पण दुसऱ्याची प्लेट लावणं आणि ब्रेकची वायर कापून "ब्रेकसकट" लिहिणं ही जुनी वस्तू विकणं नाही, हा गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे, सोबत काट्याची पावती, दोन्ही चेसिस नंबरांचे फोटो, मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट आणि त्याचे सगळे मेसेज जोडलेत. जाहिरात त्याने काढून टाकली पण स्क्रीनशॉट माझ्याकडे होता. तुम्हीही बोलणी फोनवर झाली तरी वजन, वर्ष आणि ब्रेकबद्दल मेसेजवर लिहून घ्या, आणि फ्रेमवर ठोकलेल्या नंबराचा फोटो मागा, नुसत्या प्लेटचा नको. तिथे जाड रंग असेल तर तो तुमच्यासमोर खरवडायला सांगा, नाही म्हणाला तर परत या.