ऑफिसची जागा: काचेचा टॉवर की खिडक्यांची जुनी इमारत?

दहा-बारा माणसांसाठी पुण्यात जागा बघायला निघालात की एजंट हमखास दोन नमुने दाखवतो. एक बाणेरकडचा काचेचा टॉवर. दुसरी टिळक रस्त्याच्या आसपासची जुनी इमारत, उघडणाऱ्या खिडक्या आणि भिंतीवर स्प्लिट एसी. भाडं, पार्किंग तुम्ही बघालच. मी हवेचं बोलतो, कारण तिथेच लोक फसतात.

हार्वर्डच्या संशोधकांनी 24 नोकरदारांना सहा दिवस प्रयोगशाळेतल्या ऑफिसात बसवलं आणि त्यांना न सांगता रोजची हवा बदलली. 2015 मध्ये निष्कर्ष आले: बाहेरची हवा भरपूर आणि रसायनं कमी असलेल्या दिवशी निर्णयक्षमतेचे गुण नेहमीच्या ऑफिसपेक्षा सरासरी 101 टक्के जास्त. माणसं थोडी होती, मान्य. पण दुपारी तीनच्या मीटिंगमधल्या जांभया सगळ्या जेवणावर ढकलणं मी तेव्हापासून सोडलं.

आता टॉवर. सेंट्रल एसीची यंत्रणा नीट चालवली तर तोच सरस: हवा गाळून येते, हॉर्न ऐकू येत नाही. पण बाहेरची हवा आत घेणारा डँपर वीजबिल वाचवायला अनेकदा बंद ठेवतात. मग तीच हवा दिवसभर फिरते, फक्त गार होऊन. आणि गार म्हणजे किती! मे महिन्यात अकाउंट्समधल्या ताई शाल पांघरून बसलेल्या, वरच्या जाळीला कुणीतरी पुठ्ठा चिकटवलेला, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. ‘आरामदायी’ तापमानाच्या जुन्या हिशेबात 40 वर्षांचा, 70 किलोचा पुरुष धरला होता. ताईंना कुणी विचारलंच नव्हतं. पश्चिमेच्या काचेवर ऊन आलं की पडदे खाली आणि दिवे चालू, मग काचेचे पैसे कशाला मोजायचे?

जुन्या इमारतीत खिडकी उघडली की कोंदटपणा गेला, पण रस्त्याची धूळ आणि धूर आत. भारतासह सहा देशांतल्या 302 ऑफिस कर्मचाऱ्यांच्या 2021 च्या अभ्यासात सूक्ष्म धूळ आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही वाढल्यावर चाचण्यांमधली उत्तरं मंदावली होती. त्यात एप्रिल आला की खिडक्या बंद, स्प्लिट चालू. स्प्लिट बाहेरची हवा आणत नाही, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. एअर प्युरिफायर धूळ पकडतो, पण कोंडलेला श्वास, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड, तसाच राहतो.

माझा कौल जुन्या इमारतीला, पण जागा मागच्या गल्लीकडची, तिसऱ्या मजल्यावरची हवी आणि मीटिंग रूमला एक्झॉस्ट पंखा हवा. दर्शनी रस्त्यावरची असेल तर मी टॉवरकडे वळेन. तिथे मॅनेजरला एकच विचारा: फ्रेश एअर किती वाजता चालू करता, किती वाजता बंद? तो गोंधळला तर कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर घेऊन कामाच्या दिवशी दुपारी परत जा. बाहेर साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दिसेल. भरलेल्या मीटिंग रूममध्ये तासाभरानंतर हजाराच्या बराच वर गेला, तर टोकन देऊ नका.