ॲप की कोश? पुतणीच्या इंग्रजीसाठी आम्ही दोन्ही वापरून पाहिलं

घरात मराठी, जिना उतरलं की गुजराती आणि कॉलेजात इंग्रजी. बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारात बहुतेक मुलं अशीच वाढतात. माझ्या पुतणीचं इंग्रजी व्याकरणात बसायचं, पण कानाला खटकायचं. आपण लाइट बंद करतो म्हणून ‘क्लोज द लाइट’, परीक्षा देतो म्हणून ‘गेव्ह द एक्झाम’. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू झाली तेव्हा दोन पर्याय होते: वाक्य जागेवर सुधारून देणारं फोनमधलं ॲप, नाहीतर कोणता शब्द कोणाबरोबर जातो ते सांगणारा जाडजूड कोश. आधी ॲप घेतलं, चार महिन्यांनी कोश आणला.

ॲपचा मोठा गुण म्हणजे आपल्याला शंकाही येत नाही तिथली चूक ते पकडतं. मकरपुऱ्याच्या ऑफिसातून मी वर्षानुवर्षं मेलमध्ये ‘डिस्कस अबाउट’ लिहीत आलो. ॲपने पहिल्याच दिवशी तो ‘अबाउट’ काढून टाकला. कोशाने हे आपणहून कधीच सांगितलं नसतं. ‘अ’ आणि ‘द’च्या घोळातही ॲपचा हात धरणारं कोणी नाही.

पण एका गोष्टीने माझं मन उडालं. पावसाळ्यात पुतणीने एक परिच्छेद लिहिला. त्यात ‘स्ट्राँग रेन’ होतं, त्याखाली रेघ आली, ‘हेवी रेन’ सुचवलं गेलं. अगदी बरोबर. पुढचं वाक्य होतं: ‘वी सॅट ऑन द स्विंग अँड हॅड टी.’ हिंचक्यावर बसून आजीबरोबर घेतलेला चहा, साधं आणि नीट वाक्य. त्याखालीही तशीच रेघ, आणि जागी ‘वी एन्जॉइड अवर टी व्हाइल सीटेड ऑन द स्विंग’. एक चूक होती, दुसरी नुसती ॲपची आवड. पोरीला ते कसं कळावं? तिने दोन्ही बदल निमूट स्वीकारले. वर मला म्हणाली, ‘काका, माझं ते वाक्यही चुकलंच होतं ना?’ बरोबर लिहिलेल्यावरचा तिचा विश्वास उडत चालला होता, आणि ‘स्ट्राँग रेन’ मात्र पंधरा दिवसांनी पुन्हा आलंच. उलट ‘आय पास्ड आउट लास्ट इयर’ला ॲपने हातही लावला नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ पदवी घेतली. इंग्रज माणूस समजेल, ही बेशुद्ध पडली.

कोश वापरायचा तर नामापासून सुरुवात करायची. ‘रेन’ उघडलं की त्याला लागणारी विशेषणं आणि क्रियापदं खाली ओळीने सापडतात. वेळ लागतो, पान शोधावं लागतं, पण शोधलेलं डोक्यात राहतं, निदान आमच्याकडे तरी राहिलं. शिकणाऱ्यांसाठीच्या अशा कोशांची मोठी परंपरा हॉर्नबी यांच्यापासून येते. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि सहकाऱ्यांबरोबर केलेला त्यांचा कोश 1942 साली तोकियोत निघाला. परक्या भाषेतून येणारा विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो, हे त्यांनी वर्गात पाहिलं होतं. म्हणून असल्या कोशात अर्थाइतकीच जागा वाक्यरचनेला आणि उदाहरणांना असते.

शिवाय आयेल्ट्सची तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो, आणि चार निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा, म्हणजे पाव हिस्सा गुण तिथेच.

प्रत्येकाला हे जमेल असं नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर ॲपच बरं, कोशाला सवडीने चार-सहा महिने द्यावे लागतात. तेवढे हाताशी असतील तर मी कोश घ्यायला सांगेन, आणि ॲप ठेवलंच तर मुलाला आधी विचारायला लावेन: ही रेघ चूक दाखवते की नुसती ॲपची आवड?