पट्टीखाली कलम नव्हतेच

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्यात रस्त्याकडेला बसणाऱ्या एका रोपविक्रेत्याकडून मी अडेनियम या फुलझाडाची तीन ‘कलमे’ प्रत्येकी 850 रुपयांना घेतली. थंडीत अडेनियम पाने गाळून उघडेबोडके उभे राहते. त्यामुळे मला दिसत होते ते फक्त फुगीर बुंधे, फांद्यांवर गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कुंडीत खोचलेला तीन पदरी, गर्द मरून फुलाचा फोटो. पट्टी आहे त्या अर्थी कलम असणारच, असे मी धरून चालले.

बियांपासून केलेल्या अडेनियमचा बुंधा छान फुगतो, पण फूल मूळ झाडासारखे येईलच असे नसते. म्हणून दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या जाती साध्या रोपाच्या खुंटावर पाचर कलम करून वाढवतात: खुंटाला व्ही आकाराची खाच पाडायची, तीत नेमकी बसेल अशी तासलेली हव्या त्या जातीची काडी घालायची, सालींखालचे हिरवे थर जुळवायचे आणि वरून पट्टी आवळायची. त्या मेहनतीचीच जादा किंमत असते. साधे रोप त्याच विक्रेत्याकडे 150 रुपयांना होते.

एक झाड माझ्याच चुकीने गेले. पाने नसतानाही मी रोज पाणी घातले आणि बुंधा कुजला. उरलेल्या दोन्हींना एप्रिलमध्ये पट्टीच्या वरच्या फांदीवर फुले आली, ती साधी, पाच पाकळ्यांची, गुलाबी. फोनवर विक्रेता म्हणाला, “ताई, पहिल्या बहरात खरा रंग येत नाही.” ऊनपाण्याने छटा फिकी-गडद होते हे मला ठाऊक होते, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवून आणखी एक वर्ष थांबले. तिहेरी मरून फुलाचे एकेरी गुलाबी होत नाही, एवढे तेव्हा सुचले नाही.

दुसऱ्या वर्षीही तीच फुले आल्यावर मी पट्टी सोडली. आत ना खाच होती, ना सांधा. साल खालपासून वरपर्यंत सलग होती. खऱ्या कलमात व्हीचा व्रण दिसतो, बऱ्याचदा खालच्या-वरच्या सालीचा रंगही वेगळा असतो. शिवाय सांधा जुळल्यावर पट्टी काही आठवड्यांत काढतात, त्यामुळे वर्षभराचे म्हणून विकलेल्या कलमावर ती असणेच संशयास्पद होते.

यंदाच्या डिसेंबरात तो पुन्हा त्याच जागी बसला होता. एक झाड उचलून मी पट्टी सोडून दाखवायला सांगितले. “वारा लागेल, कलम मरेल,” असे म्हणून त्याने ते माझ्या हातातून काढून घेतले.