अडनिड्या वयातल्या चित्राचा कागद : आर्श ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस

जलरंगाच्या कागदाबद्दल लिहिताना बहुतेक जण पहिल्या वॉशवरच, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्या थरावरच थांबतात. निळा किती सुरेख पसरला, कडा किती मऊ आल्या, झालं. खरं तर पहिला वॉश बऱ्याच कागदांवर बरा दिसतो. कागदाचा कस लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या हाताला (म्हणजे थराला), चित्र अडनिड्या वयात आल्यावर. आकाश झालेलं असतं, भिंत म्हणजे ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) एक सपाट पट्टा, झाडं म्हणजे हिरवे डाग. सावली कुठेच नाही आणि राखलेला पांढरा कागद पडलेल्या दातासारखा डोळ्यांत खुपतो. निम्मी चित्रं इथेच बिघडतात. दोष हाताला दिला जातो, पण बऱ्याचदा त्यात कागदाचाही वाटा असतो. म्हणून आर्श कागदाचं हे परीक्षण फक्त त्या मधल्या टप्प्यापुरतं.

आधी वस्तू काय आहे ते. फ्रान्सच्या व्होज भागातल्या आर्श गावची ही कागदगिरणी १४९२ पासूनची. कागद शंभर टक्के कापसाचा, सिलिंडर मोल्डवर (फिरत्या जाळीदार साच्यावर) बनवलेला आणि जिलेटिनचं साइझिंग (रंग चटकन शोषू न देणारी खळ) आतपर्यंत मुरवलेला. फुल शीट ५६ बाय ७६ सेंटिमीटर, तिचे चार पाव तुकडे २८ बाय ३८ चे. १८५, ३०० आणि ६४० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) ही नेहमीची वजनं. पृष्ठभाग हॉट प्रेस (गुळगुळीत), कोल्ड प्रेस (मध्यम खरखरीत) आणि रफ (जास्त खरखरीत) असे तीन. इथे ३०० चा कोल्ड प्रेस घेतला आहे. दुकानात ‘आर्चेस’ म्हणून मागितला तरी मिळतो, उच्चारावरून कोणी अडवत नाही. शीट उजेडासमोर धरली की वॉटरमार्क दिसतो. तो सुलटा वाचता आला की ती वरची बाजू, पण रंगवायला दोन्ही बाजू चालतात.

मधल्या टप्प्यात महत्त्वाचं आहे ते साइझिंग. ते नसेल तर कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. ते नुसतं वरवर असेल तर पहिला हात छान बसतो, पण दुसऱ्या हाताला ओला ब्रश लागला की खालचा रंग सुटून वरच्यात मिसळतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त पॅडवर नेमकं हेच होतं. ऑकरच्या भिंतीवर जांभळट सावली टाकायला जावं तर ऑकर विरघळून वर येतो आणि सावलीच्या जागी चिखल उरतो. आर्शमध्ये रंग पृष्ठभागाच्या जरा आत, तंतूंना धरून बसतो. पूर्ण वाळलेल्या थरावरून ब्रश एकदा, फार तर दोनदा फिरला तरी खालचा थर हलत नाही. तिसऱ्यांदा घासाल तर इथेही हलेल. कागद चांगला आहे, जादूचा नाही.

चाचणीसाठी विषय मेणवलीच्या घाटाचा धरू. वाईजवळ कृष्णेकाठचा हा दगडी घाट महाराष्ट्रातल्या जलरंगवाल्यांना पाठ असतो. पायऱ्या, देऊळ, पाण्यातलं प्रतिबिंब आणि वर दाट झाडं, म्हणजे मधल्या टप्प्यात फसायला लागतं ते सगळं इथे आहे. पाव शीट, बोर्डवर चारही बाजूंनी टेप, बोर्डच्या वरच्या कडेखाली एक डस्टर, म्हणजे हलका उतार येतो. ब्रश गोल १२, ८ आणि ४ नंबरचे. रंग यलो ऑकर, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन आणि सेरुलियन (दोन्ही निळे) आणि अलिझरिन (गर्द लाल). हिरवा रंग निळ्यात ऑकर घालून.

पहिल्या हाताचा रंग पातळ ताकाइतका. पाव शीटला तीन-चार चहाचे चमचे रंग आधीच कालवून ठेवावा, कारण वॉश निम्म्यावर असताना पॅलेट कोरडं पडलं की जोड दिसतोच. वर सेरुलियन, खाली येता येता ऑकर, आणि उन्हातल्या पायऱ्यांच्या कडा तेवढ्या कोऱ्या. नव्या शीटवर कधी कधी साइझिंग इतकं कडक असतं की रंगाचे थेंब होऊन बाजूला सरकतात. अशा वेळी स्वच्छ स्पंजने कागद एकदा ओला करून वाळू द्यावा, मग कुरकुर थांबते. ओल्या कागदाला जिलेटिनचा हलका वास येतो. काहींना तो अजिबात सोसत नाही, हेही सांगून ठेवलेलं बरं.

आता थांबायचं, आणि आर्शवर हे थांबणं लांबतं. कापसाचा कागद पाणी आत धरून ठेवतो. वरची चकाकी गेली म्हणजे वाळला असं होत नाही. हाताची मागची बाजू कागदाला लावावी. गार लागला तर आत ओल आहे. याच दमट अवस्थेत ‘जरा इथे दुरुस्त करू’ म्हणून भरलेला ब्रश टेकवला की फ्लॉवर, म्हणजे फुलासारखा डाग, उमलतो. नव्या थेंबातलं पाणी कमी ओल्या भागाकडे धावतं, वाटेतला रंग ढकलत नेतं आणि कडेला सोडून देतं. हेअर ड्रायर वापरायचा तर चकाकी गेल्यावर, फूटभर अंतरावरून. त्याआधी वापरला तर साचलेला रंग वाऱ्याने हवा तिकडे पळतो. शिवाय गरम कागद कोरडा असल्याची बतावणी करतो, म्हणून निवल्यावर पुन्हा हात लावून पाहावा. दोन थरांमधला हा वेळ पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या दुपारी आणि रत्नागिरीतल्या जुलैत एकच नसतो. घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवावा.

वाळल्यावर चित्र फिकं पडतं आणि मन खट्टू होतं. कारण साधं आहे. ओलं असताना पाण्याने कागदाचे खळगे भरलेले असतात, उजेड कमी विखुरतो आणि रंग गडद दिसतो. पाणी गेलं की तोच रंग बराच फिका होतो. त्यात पहिल्या हातात फक्त फिके टोन (गडद-फिक्याच्या पायऱ्या) असतात. पांढरा एक आणि काळा दहा धरला तर सगळा कारभार तीनच्या आत चाललेला असतो. चित्र वाईट झालेलं नसतं, त्याला तुलनेला काही मिळालेलं नसतं. इथे एक युक्ती हमखास उपयोगी पडते. जिथे सर्वांत गडद टोन शेवटी येणारच आहे, उदाहरणार्थ देवळाच्या दारातला अंधार, तिथे चार नंबरच्या ब्रशने लहानसा डाग पूर्ण ताकदीने टाकून द्यावा. तो पडला की भिंतीचा ऑकर लगेच उजेडासारखा दिसू लागतो आणि पुढे किती गडद जायचं याचा अंदाज येतो. हलक्या प्रतीच्या कागदावर ही युक्ती अंगाशी येते, कारण शेजारी पुढचा वॉश लागताच हा डाग पाझरतो. आर्शवर तो नीट वाळला असेल तर जागचा हलत नाही. आमच्या मते या कागदाचे पैसे इथे वसूल होतात.

दुसरा हात सावल्यांचा, आणि रंग घट्ट कढीसारखा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, कणभर अलिझरिन. निळा आणि तांबूस हे एकमेकांना मारणारे रंग, म्हणून दोघांत छान राखाडी निघतो. त्यात चौथा रंग पडला की मळकटपणा सुरू होतो, आणि कॅडमियमसारखा अपारदर्शक रंग या थरात घातला तर खालचा उजेडच झाकला जातो. भिंतीची सावली, पायऱ्यांची सावली, बुंधा हे तिन्ही सुटे न रंगवता एकाच ओल्या आकारात जोडत न्यावेत. ब्रश भरलेला, हात हलका, आणि मागे वळून पाहायचं नाही. ज्या कडा मऊ हव्यात तिथे दुसरा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून फडक्यावर टिपून घ्यावा आणि कडेला नुसता टेकवावा. कापसाचा कागद या कामाला थोडी सवड देतो. लगद्याच्या कागदावर तेवढ्यात कड सुकून पक्की होते, मग ती मोडायला घासाघाशी आणि पृष्ठभागावर भुसा. झाडीत ही सवड फार मोलाची. पानांचे पुंजके एकमेकांत विरत गेले की झाड दिसतं, नाहीतर हिरवी कात्रणं चिकटवल्यासारखी दिसतात.

पाण्यातलं प्रतिबिंब याच हातात, वरची सावली ओली असतानाच खाली ओढून घ्यावं. नंतर वेगळं रंगवलेलं प्रतिबिंब पाण्यावर चिकटवल्यासारखं दिसतं.

तिसरा हात चक्क्यासारखा घट्ट आणि थोडाच. दाराखिडक्यांचे अंधार, पायऱ्यांमधल्या फटी, एखादं माणूस. इथवर आर्श तीन थर आरामात घेतो. प्रत्येक वेळी पूर्ण वाळू दिलं तर चार-पाचही जातात. त्यापुढे पारदर्शकता हरवते, पण त्याचं कारण कागद नव्हे, साचलेला रंग.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे रंग उचलणं. हा कागद रंग धरून ठेवतो, तोच गुण इथे आडवा येतो. अल्ट्रामरीन ओल्या ब्रशने आणि टिश्यूने बराचसा निघतो. थॅलो निळा किंवा अलिझरिनसारखे डाग धरणारे रंग मात्र मागे छटा ठेवतातच, कोरा पांढरा परत मिळत नाही. त्यामुळे ‘नंतर उचलू’ या भरवशावर मधला टप्पा पार करू नये, पांढरं आधीच राखावं. पृष्ठभाग घासणं बऱ्यापैकी सोसतो, एवढी जमेची बाजू. दुसरी गोष्ट रंगाची. नॅचरल व्हाइट किंचित पिवळसर आहे. घाटाच्या उन्हाला तो शोभतो, पण धुक्याच्या निळ्या सकाळी जरा उबदारच दिसतो. तसा विषय असेल तर ब्राइट व्हाइट मागावा.

ब्लॉक घ्यावा की सुटी शीट? ब्लॉकमध्ये कागद कडेने डिंकाने जोडलेले असतात, एका बाजूला सुरी घालायला फट असते, ताणण्याची कटकट नाही. बाहेर जाऊन रंगवणाऱ्यांना ही सोय मोठी वाटते. पण भरपूर पाणी टाकलं की मधोमध टेकडी उठते, खोलगट भागात रंग साचतो आणि नेमके तिथेच नको ते डाग पडतात. खालून हवा लागत नाही म्हणून वाळायलाही वेळ लागतो. शिवाय चित्र पूर्ण वाळेपर्यंत पुढचा कागद अडकलेला, म्हणजे एक चित्र वाळत असताना दुसरं सुरू करता येत नाही. मधल्या टप्प्यातला सर्वांत चांगला उपाय दोन चित्रं आलटून पालटून रंगवणं हाच असतो, आणि ब्लॉक तेवढंच करू देत नाही. त्यामुळे घरी काम करणाऱ्याने सुटी शीटच घ्यावी. पाव तुकड्याला टेप पुरते. अर्ध्या शीटपासून पुढे मात्र ३०० चा कागदही लाटा काढतो, तेव्हा तो पाच-दहा मिनिटं पाण्यात भिजवून, ओला करून लावायच्या तपकिरी गम टेपने बोर्डवर ताणून रात्रभर वाळवावा. ६४० ला हे लागत नाही, पण किंमत ऐकून पुष्कळांना भिजवणंच परवडतं.

किंमत हा खरा अडसर. फुल शीट शेकड्यांत आणि ब्लॉक हजारांत जातो. म्हणून शिकणाऱ्यांना सल्ला मिळतो की आधी स्वस्त कागदावर हात बसवा, मग हा घ्या. हा सल्ला निम्माच बरोबर आहे. रेखाटन, रंग कालवणं, पहिला वॉश हे स्वस्त कागदावर शिकता येतं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्यांनी कार्ट्रिज पेपरवर ते केलेलंच असतं. दुसरा आणि तिसरा हात मात्र तिथे शिकता येत नाही, कारण कागद साथच देत नाही. वर्षभर चिखल करून माणूस ठरवून टाकतो की जलरंग आपल्या नशिबात नाही. त्यापेक्षा एक फुल शीट आणून आठ तुकडे करावेत, प्रत्येकी १९ बाय २८ सेंटिमीटर. दोन्ही बाजू धरल्या तर सोळा सरावचित्रं होतात, आणि हिशेब एकदम आटोक्यात येतो.

ज्यांची पद्धत एका बैठकीत, ओल्यावर ओलं, एकाच हातात चित्र संपवायची आहे त्यांना मात्र या कागदाचा निम्मा गुण वापरताच येणार नाही. पोस्टर कलर किंवा गवाशसारखे अपारदर्शक रंग वापरणाऱ्यांनीही हा खर्च करू नये.

राहता राहिला पाऊस. जिलेटिन म्हणजे बुरशीचं जेवण. कोकणात, मुंबईत, गोव्यात उघडी ठेवलेली शीट दोन-तीन पावसाळ्यांत साइझिंग गमावू शकते. वरून काही कळत नाही. वॉश टाकला की मात्र ठिकठिकाणी गडद ठिपके उठतात, कारण तिथे रंग थेट आत मुरतो. शीट आणल्यावर लगेच जाड प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून आडवी ठेवावी. माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकवून तर मुळीच नको. जुनी शीट वापरण्याआधी कोपऱ्यावर फिकट निळ्याचा एक पट्टा ओढून वाळू द्यावा. पट्टा एकसारखा दिसला तर निश्चिंत. ठिपके आले तर ती शीट पेन्सिल, चारकोल किंवा अ‍ॅक्रिलिकसाठी बाजूला काढावी. जलरंगाचा दुसरा हात ती आता झेलणार नाही.